भोपळा एक, अंडी सात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण सगळे ‘मास्तर’च म्हणत आलो. शाळेतले मास्तर, रविवारी उपासनेत पेटी वाजवणारे मास्तर, आणि बावीस वर्षं या मंडळीचे खजिनदार. विषय तुम्हीच निवडा असं संयोजक म्हणाले तेव्हा मला वाटलं, खजिनदाराच्या नावानं बोलायचं तर पैशांवरच बोलावं. चर्चमध्ये पैशांचा विषय निघाला की एकतर आपण तोंड चुकवतो, नाहीतर आवाज चढवतो. आज मला या दोन्ही गोष्टी टाळायच्या आहेत. प्रश्न साधाच आहे. माणूस देतो तो का देतो? भीतीनं देतो? लाजेनं देतो? दुपटीनं परत मिळेल म्हणून देतो? की आपल्याला आधीच काहीतरी मिळालंय, हे ध्यानात आल्यावर त्याचा हात आपोआप सैल होतो?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. मी नऊ वर्षांची होते. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावात राहत होतो. त्या गावाचं आणि तिथल्या मंडळीचं नाव मी घेणार नाही. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि आई दवाखान्यात आयाचं काम करायची. वार्षिक सभेत सेक्रेटरींनी वर्गणीची यादी वाचायला घेतली. नाव, वर्षाची वर्गणी, भरलेली, बाकी. आमचं नाव आलं. ‘बाकी अठरा रुपये.’ वाचणाऱ्याचा आवाज काही चढला नव्हता. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पुढचं नाव घेतलं. आईनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, तेवढंच. आठवड्याभरात अठरा रुपये भरले गेले. तिनं पितळेचा हंडा मोडीत घातला होता. त्यानंतरही ती चर्चला जायची, पण मागच्या बाकावर, दाराशी बसायची आणि अर्पणाची पिशवी फिरायच्या आत माझा हात धरून बाहेर पडायची.

त्या मंडळीच्या वहीत ते अठरा रुपये जमेच्या बाजूला असणार. मी ते कोणत्या बाजूला मांडावेत हे मला पुष्कळ वर्षं ठरवता आलं नाही.

यादी वाचणारी माणसं वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पाळकांचा पगार तीन महिने थकला होता आणि छप्पर गळत होतं. दबाव आणला की पैसे येतात. त्याची खरी अडचण हीच आहे, की त्याचा उपयोग होतो. ज्याचा उपयोगच होत नाही ते माणूस दोनदा करून सोडून देतो. ज्याचा उपयोग होतो त्याची सवय लागते.

आता शास्त्राकडे वळते. लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायात दोन श्रीमंत माणसं पाठोपाठ येतात. पहिला अधिकारी, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेला. त्याला येशू स्पष्ट सांगतो की सगळं विकून गोरगरिबांना वाट आणि माझ्यामागे ये. तो फार खिन्न होतो, कारण तो फार श्रीमंत असतो. दुसरा जक्कय, यरीहोतल्या जकातदारांचा मुख्य. बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. आपल्या मराठी शास्त्रात तो उंबरावर चढतो, त्यामुळे मला लहानपणी तो आमच्याच ओढ्याकाठचा वाटायचा. त्याला येशू काय सांगतो? विक, वाट, परत कर, यातलं एक अक्षर नाही. तो म्हणतो, उतर, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे. गावानं ज्याच्या ओसरीवर पाय ठेवला नसता त्याच्या घरी तो स्वतःहून पाहुणा होतो. आणि मग जक्कय उभा राहून सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

हा आकडा नीट बघा. आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्यानं मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं. म्हणजे शंभराला एकशेवीस. जक्कय चारशे म्हणतो. नियम त्याच्याकडे एकशेवीस मागत होता तेव्हा तो शंभरही देत नव्हता. ज्याला आज्ञा मिळाली तो खिन्न झाला, ज्याला पाहुणा मिळाला त्यानं तिजोरी उघडली. त्या अधिकाऱ्याला दिलेली आज्ञा खोटी नव्हती. तिनं त्याची मूठ किती घट्ट आहे ते त्याला दाखवलं, आणि आज्ञेचं काम तिथपर्यंतच असतं. मूठ उघडायला दुसरं काही लागतं.

ते दुसरं काय, हे पौलाकडून शिकावं. इ. स. ५५ च्या आसपासची गोष्ट. यरुशलेमेतले विश्वासी हलाखीत होते आणि त्यांच्यासाठी पौल ग्रीक प्रदेशातल्या मंडळ्यांकडून मदत गोळा करत होता. देणारे बहुतेक यहुदी नव्हते, घेणारे यहुदी होते. शतकांचा दुरावा मध्ये असताना हा पैसा प्रवास करणार होता. करिंथच्या मंडळीनं उत्साहात सुरुवात केली आणि मग काम रेंगाळलं. करिंथ हे बंदराचं, पैसेवाल्यांचं शहर. तिकडे उत्तरेला मासेदोनियात, फिलिप्पै आणि थेस्सलनीका भागातल्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात आणि छळात होत्या. त्यांनी मात्र आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाच्या विनवण्या केल्या. देणारे विनवण्या करताहेत! आपल्याकडे घेणारेच विनवतात, म्हणून हे वाक्य आपण दोनदा वाचलं पाहिजे.

करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय याच विषयावर आहेत. त्यात पैसा या अर्थाचा शब्द शोधायला जा, सापडत नाही. सापडतो तो ‘खारिस’ हा ग्रीक शब्द, दोन अध्यायांत दहा वेळा. खारिस म्हणजे कृपा. पण पौल त्याच शब्दानं देवाची कृपा म्हणतो, त्याच शब्दानं गोरगरिबांसाठीची मदत म्हणतो, आणि देवाचे आभार मानतानाही तोच शब्द वापरतो. वरून येतं ते खारिस, हातातून पुढे जातं ते खारिस, आणि घेणाऱ्याच्या तोंडून परत वर जातं तेही खारिस.

मराठीत याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, उपकार. आणि त्यातच आपली गोची आहे. उपकाराचं ओझं होतं, उपकार फेडावे लागतात, उपकारांची जाणीव करून दिली जाते. व्यवहारात ‘तुझे उपकार नकोत’ हे भांडणातलं वाक्य आहे. पण आपल्या मंडळ्यांमध्ये हाच शब्द आणखी एका तऱ्हेनं रुळला आहे, उपकारस्तुती. लहानपणापासून म्हणत आलो म्हणून त्याचं नवल वाटत नाही. उपकाराचं ओझं वाहायचं सोडून त्याचं गाणं करायचं, हा किती मोठा पालट आहे!

इथे मला प्रवचनकारांना हात जोडून एक विनंती करायची आहे. कृपेचंही बिल करता येतं. ‘ख्रिस्तानं तुझ्यासाठी प्राण दिला, तू त्याच्यासाठी काय दिलंस?’ असं विचारून आपण थांबतो आणि पिशवी फिरवतो. वाक्य कानाला भक्तीचं लागतं, पण त्याचा आवाज सावकाराचा असतो. फेडायचं असेल तर ते कर्ज झालं. आणि हे कर्ज न फिटणारं, त्यामुळे ऐकणारा जन्मभर मान खाली घालून हप्ते भरतो. पौलही ख्रिस्ताची आठवण काढतो, धनवान असून तो तुमच्यासाठी दरिद्री झाला म्हणतो. पण पुढे काय म्हणतो? त्याच्या दारिद्र्यानं तुम्ही धनवान झालात. तुमचं देणं थकलंय असं तो सांगत नाही, तुम्ही श्रीमंत आहात असं सांगतो. श्रीमंत माणसाला तू श्रीमंत आहेस हे पटवून दिलं की पुढचं त्याला सांगावं लागत नाही.

कुणी म्हणेल, बाई, पौलानंही दबाव आणलाच की. मासेदोनियाकरांचं उदाहरण दिलं, तुमची लाज जाऊ नये म्हणून माणसं पुढे पाठवतो म्हणाला. खरं आहे. तो काठावरून चालतो, आणि एकदोनदा त्याचा पाय घसरतोय की काय असं मलाही वाटतं. मला तो त्यामुळेच जवळचा वाटतो, कारण प्रत्येक वेळी तो स्वतःला आवरतो. ही आज्ञा नाही म्हणतो. ज्याचं जसं मन ठरवील तसं, कुरकुरत नको, भाग पाडलं म्हणून नको, म्हणतो. आणि पहिल्या पत्रात त्यानं एक व्यवस्था सांगून ठेवली आहे, ती तर फार हृद्य आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या मिळकतीप्रमाणे घरीच बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर गोळा करायला नको. त्या काळातला हा प्रभावी वक्ता, त्याला आपल्या भाषणानंतर पिशवी फिरायला नको होती! आजच्या कोणत्या सभेत आपण वक्त्याला म्हणतो, तुम्ही येण्याआधीच आम्ही वर्गणी आटोपून घेतो?

शिवाय ते पैसे त्यानं एकट्यानं नेले नाहीत. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आणि करिंथकरांनी शेवटी दिले का? रोमकरांना लिहिताना तो सांगतो की मासेदोनिया आणि अखया या दोन्ही प्रांतांनी आनंदानं हातभार लावला. करिंथ अखयातलं.

दबावाच्या इतिहासात मी फार शिरत नाही. १५१७ साली जर्मनीत योहान टेट्झेल पापक्षमेची पत्रं विकत फिरत होता, रोममधलं संत पेत्राचं मंदिर त्या पैशांतून उभं राहत होतं, आणि मार्टिन ल्यूथरनं पंच्याण्णव मुद्दे मांडले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मेलेल्या आईबापांच्या यातनांची भीती घातली जात होती. आज भीतीची जागा लोभानं घेतली आहे. हजार टाका, देव लाख देईल. आणि लाज तर आता मोबाइलवर आली आहे. क्यूआर कोड स्कॅन करा आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका! माझ्या आईच्या वेळी यादी वर्षातून एकदा वाचली जायची. आता ती खिशात वाजते.

आणि अशा वेळी हटकून जिचं नाव घेतलं जातं ती मंदिरातली गरीब विधवा. दोन नाणी टाकणारी. ‘ती सर्वस्व देते, तुम्ही?’ पण मार्कच्या बाराव्या अध्यायात तिच्या अगदी आधी काय आहे? विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूनं दिलेला इशारा. आणि लगेच पुढे? या मंदिराचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही, हे भाकीत. येशूनं तिच्याकडून काही मागितलं नाही, तिचं नाव कुणाला वाचून दाखवलं नाही. त्यानं तिला पाहिलं. एका विधवेच्या हाताखाली वाढलेली मुलगी म्हणून मी सांगते, तो उतारा वर्गणीसाठी वाचताना जरा थांबा.

आता आपल्या मातीतली एक बाई. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाच्या दिवसांत विशीही न गाठलेल्या या मुलीनं वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गमावली, आणि भावाबरोबर ती उपाशीपोटी देशभर पायी हिंडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे तिनं बाप्तिस्मा घेतला. पण तिच्या आत्मनिवेदनातला सगळ्यात प्रामाणिक भाग मला पुढचा वाटतो. तेव्हा आपण एक धर्म स्वीकारला होता, ज्याचा तो धर्म त्याची भेट व्हायची अजून बाकी होती, असं ती कबूल करते. आपल्या खटपटीनं काही मिळवायचं नाही, ते मिळालेलंच आहे, हे तिला बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी उमगलं. तोपर्यंत शारदा सदन मुंबईत निघून पुण्याला आलं होतं.

मग १८९६ चा दुष्काळ आला. तिच्याजवळ काय होतं? अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती आणि ती मुदत सरत आली होती. हिशेबी माणसानं हात आखडता घ्यावा असा तो काळ. ती मध्य प्रांतात गेली, आणि रस्त्याकडेला, धर्मशाळांत मरायला टेकलेल्या सुमारे तीनशे मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगचे दिवस. मुलींना केडगावच्या माळावर न्यावं लागलं, आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. पुढे तिथे हजाराहून अधिक जणी राहत होत्या. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर यांनी पाच मोठ्या इमारतींत दोन हजार अनाथ मुलं सांभाळली आणि कुणा माणसापुढे पैशांसाठी हात पसरला नाही, हे तिनं वाचलं होतं आणि मनाला लावून घेतलं होतं.

रमाबाईंनी कधी मदत मागितलीच नाही असं मात्र कुणी समजू नये. अमेरिकाभर व्याख्यानं देऊन त्यांनी बालविधवांसाठी पैसे उभे केले होते. मागणं वेगळं, पिळणं वेगळं. गरज आहे तशी लोकांपुढे ठेवावी, हिशेब उघडा ठेवावा, आणि मग समोरच्याला त्याच्या देवाबरोबर एकटं सोडावं. १८९६ साली मात्र त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं, त्यांना लाजवलं नव्हतं. उपाशी मुलीचा चेहरा कसा असतो हे त्यांना आरशातून माहीत होतं, आणि त्या चेहऱ्याला कुणीतरी उचलून घेतलं होतं हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की केडगाव होतं.

आता एक स्वयंपाकघर दाखवते, मिझोरममधलं. तिथल्या मंडळ्यांत १९१० च्या सुमारास एक रिवाज सुरू झाला, बुहफाई थम. म्हणजे मूठभर तांदूळ. रोख पैसा बायकांच्या हाती नसायचाच. रांधायला तांदूळ काढला की त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. आठवड्यानं ते तांदूळ गोळा व्हायचे, विकले जायचे. आजही हा रिवाज चालतो, आणि मुठीमुठीनं जमलेल्या त्या तांदळावर तिथल्या चर्चचं केवढं तरी काम उभं आहे. आपल्याला हे परकं वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतल्या मुलांचं जेवणही मुष्टिफंडाच्या धान्यावर झालेलं आहे. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. मूठ काढायची ती रांधायच्या आधी, घरात, चुलीपाशी. कुणी बघत नाही. आणि ती काढताना बाईच्या डोळ्यांसमोर काय असतं? आज रांधायला आहे, हे.

मग मंडळीचा खर्च कसा चालायचा? पाळकांचा पगार, विजेचं बिल, रंगकाम? हा प्रश्न टाळून खाली बसणं बरं नव्हे. माझं मत स्पष्ट आहे. याद्या वाचणं बंद करा. थकबाकीसाठी लग्न अडवू नका, मयत तर कधीच अडवू नका. हिशेब मात्र पैन्‌पै दाखवा. आणि मंडळीनं आधी द्यायला शिकावं. ज्या चर्चनं कुणाला कधी काही दिलं नाही, त्यानं आपल्या माणसांना कृपा शब्दाचा अर्थ कुठून दाखवावा? पहिली दोन वर्षं पैसे कमी येतील. कदाचित तीन. हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मी हेच सांगेन.

कारण आईबरोबर मी या गावात आले तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि इथे मास्तर होते. त्यांनी अर्पणाची पिशवी मुद्दाम खोल शिवून घेतली होती, मनगटापर्यंत हात आत जाईल अशी. मूठ आत जायची, मूठच बाहेर यायची. भरलेली गेली की रिकामी, शेजारच्यालाही कळायचं नाही. आई पहिल्यांदा पिशवी फिरेपर्यंत बसून राहिली ती इथे. तिच्या हातात काही नव्हतं. मी बघितलं होतं.

जूनमध्ये शाळेत माझी फी भरलेली निघाली. कुणी भरली ते क्लार्कनं सांगितलं नाही. आई मास्तरांकडे विचारायला गेली तर ते पेटीचा भाता दुरुस्त करत होते. म्हणाले, “वहिनी, भरली गेली ना? मग झालं.” त्या वर्षी कापणीच्या सणाला आईनं परसातला भोपळा डोक्यावरून चर्चला नेला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. उपासनेनंतर अंगणात लिलाव झाला. कुणाची ज्वारी, कुणाची कोंबडी, शेपूची जुडी. भोपळा तीनदा विकला गेला, कारण घेणारा तो पुन्हा लिलावात ठेवायचा. आई चर्चच्या पायरीवर बसून हसत होती. पदर खांद्यावर होता.

मागच्या महिन्यात मास्तरांच्या घरच्यांनी मला त्यांच्या वह्या दाखवल्या. बावीस वर्षांच्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. पानन्‌पान पाहिलं. रक्कम, तारीख, कशासाठी, सगळं आहे. देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव एकाही पानावर नाही. त्या सालच्या जूनमध्ये खर्चाच्या बाजूला लिहिलं आहे, ‘शाळेची फी, मुलगी एक.’ आणि कापणीच्या सणाच्या पानावर जमेच्या बाजूला, ज्वारीच्या खाली, ‘भोपळा एक, अंडी सात.’

अंडी कुणाची होती ते मला माहीत नाही.